पेला कोरडा पडू द्यायचा नाही

१

ब्रोमेलियाडला पाणी मुळाशी घालायचं नसतं, ही गोष्ट मधुकर सामंतच्या डोक्यात शिरायला फार वेळ लागला. झाड म्हटलं की बुंध्याशी तांब्या रिता करायचा, हे त्याचं सावंतवाडीकडच्या परसातलं शिक्षण. पण बायकोच्या, म्हणजे स्मिताच्या, या झाडांचा कारभारच उलटा. अननसाच्या जातीतली ही झाडं. पट्ट्यांसारखी पानं एकमेकांना बिलगून वर येतात आणि मधोमध एक खोलगट जागा तयार होते. स्मिता तिला पेला म्हणायची. पाणी त्या पेल्यात घालायचं, झाड तिथूनच पितं. माती नुसती ओलसर असली की पुरे. जास्त भिजली तर मुळं कुजतात आणि झाड बसतं.

नियम आणखीही होते. नळाचं पाणी शक्यतो नको, पानांवर पांढरे डाग पडतात. पावसाचं धरून ठेवलेलं घालायचं. त्यासाठी नेरुळच्या त्या फ्लॅटच्या गॅलरीत एक निळा ड्रम उभा होता आणि कपडे वाळत घालताना घरातल्या प्रत्येकाचं ढोपर त्यावर आपटून झालं होतं. आठवड्यातून एकदा कुंडी कलती करून पेल्यातलं शिळं पाणी ओतून टाकायचं, नाहीतर डास होतात. डोंगरातल्या खाणींची धूळ पानांवर बसते, ती ओल्या फडक्याने पुसायची. ऊन सकाळचं द्यायचं, दुपारचं नाही. आणि काही झालं तरी पेला कोरडा पडू द्यायचा नाही.

हे सगळं स्मिताने त्याला अंथरुणावरून शिकवलं. बेलापूरच्या सरकारी कचेरीत आयुष्य गेलेला माणूस, त्याने ते नव्या परिपत्रकासारखं मुकाट ऐकून घेतलं. झाड आयुष्यात एकदाच फुलतं, ती म्हणाली. फुलून गेलं की आईझाड हळूहळू वाळायला लागतं आणि त्याच्या बुडाशी पिल्लं येतात. आई वाळता वाळता पिल्लांना पोसते, म्हणून तिला घाईघाईने कापायचं नाही. छोट्या खोलीत तिच्या उशाशी ठेवलेल्या झाडाला तेव्हा लालभडक तुरा आला होता आणि बुडाशी बोटभर पिल्लूही दिसत होतं.

तिचा आजार घशाचा होता. शेवटी शेवटी पाण्याचा थेंबही खाली उतरेना. मधुकर कापूस भिजवून तिच्या ओठांवरून फिरवायचा. ती डोळ्यांच्या कोपऱ्यातून उशाशी असलेल्या त्या झाडाच्या भरलेल्या पेल्याकडे बघत राहायची. नवरात्र संपलं आणि ती त्याच खोलीत गेली.

२

मधुकर रडला नाही. रडू आवरलं वगैरे काही नाही, ते आलंच नाही. आत कुणीतरी मुख्य नळ बंद करून निघून गेल्यासारखं झालं होतं. सोसायटीतली माणसं पाठीवर हात ठेवून, एकदा मोकळे व्हा, म्हणाली. त्यांना वाईट वाटू नये म्हणून तो मान हलवायचा. जेवण पुढे आलं की जेवायचा, आणि ताट उचललं की काय जेवलो ते आठवायचं नाही.

स्मिताची मोठी बहीण वैशालीताई पुण्याहून आली होती. सगळं तिनेच निभावलं. स्मिताचं डोकं होतं त्या जागी जमिनीवर दिवा लावला आणि शेजारी पाण्याने भरलेलं फुलपात्र ठेवलं. रोज सकाळी ती ते बदलायची. दहाव्याला पिंडाला कावळा लगेच शिवला. गुरुजी म्हणाले, भाग्यवान बाई, मागे काही राहिलं नाही. मधुकरला त्या बधिरपणातही ते किंचित लागलं. इतक्या वर्षांच्या संसारात काहीच मागे राहू नये?

घरी आल्यावर वैशालीताईने दिवा उचलला, फुलपात्रातलं पाणी बाहेर नेऊन ओतलं आणि खोली पुसून घेतली. मग पदराला हात पुसत म्हणाली, "मधुकरराव, आता या खोलीत पाणी भरून ठेवू नका. तिला जाऊ द्या."

त्याने मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्याने ड्रममधून पाण्याचा मग भरला, गॅलरीतल्या झाडांना पाणी घातलं आणि नंतर छोट्या खोलीतल्या झाडाचा पेला काठोकाठ भरला. त्यात काही वावगं आहे असं त्याच्या मनातही आलं नाही. ते झाड होतं आणि झाडाला पाणी घालतात.

३

घरात आता तो आणि मुलगी मनाली. मनालीचं बी.कॉम.चं शेवटचं वर्ष होतं. परीक्षा झाली की तिने पुण्याला मावशीकडे राहायला जायचं आणि पुढचा कोर्स करायचा, हे स्मिताने जाण्याआधीच ठरवून टाकलं होतं. मधुकर सकाळी उठायचा तो एवढ्यासाठीच. पोरीला परीक्षेला बसवायचं, धडधाकट पुण्याला पोचवायचं, मग आपण मोकळे. मोकळे होऊन काय करायचं याचा विचार त्याने केला नव्हता.

हॉलमध्ये शेजारच्यांच्या टीव्हीचा आवाज येतो म्हणून मनालीने अभ्यासासाठी छोटी खोली घेतली. आईच्याच कॉटवर झोपायला लागली. मधुकरला ते बरं वाटलं. बंद खोलीपेक्षा वापरातली खोली चांगली.

पाण्याचं लक्षात आलं ते थंडीत. गॅलरीतल्या झाडांचे पेले एकदा भरले की कित्येक दिवस पुरायचे. छोट्या खोलीतल्या झाडाचा पेला मात्र रोज सकाळी कोरडा असायचा. कमी झालेला नव्हे, कोरडा. आतला हिरवा तळ पुसून ठेवल्यासारखा दिसायचा.

मधुकर हिशेबी माणूस. त्याने कारणं शोधली. पंख्याचा वारा लागत असेल. पण थंडीत पंखा बंद होता. खिडकीतून बुलबुल येऊन पीत असतील. त्याने जाळी ठोकून घेतली. पानांच्या बेचक्यातून पाणी झिरपत असेल. त्याने कुंडीखाली वर्तमानपत्र पसरलं, ते कोरडंच राहिलं. शेवटी त्याने कुंडीशेजारी एक स्टीलची वाटी भरून ठेवली. सकाळी वाटी होती तशी भरलेली आणि पेला रिकामा.

त्याच सुमारास हिवतापाची फवारणी करणारा घरोघर फिरत होता. जवळच्याच गावातला माणूस, वामन त्याचं नाव. त्याने बॅटरी मारून एकेक पेला तपासला आणि गॅलरीतल्या झाडांचं अळ्या पडलेलं पाणी ओतून टाकायला लावलं. छोट्या खोलीतल्या झाडापाशी मात्र तो जरा थांबला. पेला मधुकरने नुकताच भरला होता.

"सगल्यांत अल्या हायत साहेब," तो म्हणाला, "ह्याच्यात कायच नाय. ह्याला डास पन शिवत नाय वाटतं."

मधुकरने त्याला चहा विचारला. वामन नको म्हणाला आणि तिथे न रेंगाळता निघून गेला. मधुकरने पेला पुन्हा बघितला तेव्हा पाणी बोटभर खाली गेलेलं होतं. बॅटरीच्या उजेडात आधी नीट दिसलं नसेल, असं त्याने स्वतःला सांगितलं.

४

संक्रांतीनंतर गॅलरीतली आईझाडं रीतीप्रमाणे वाळली. पानं टोकापासून तपकिरी होत गेली आणि बुडाशी असलेली पिल्लं जोमाने वर आली. स्मिताने सांगितलं होतं अगदी तसंच. मधुकरने त्यांना वेगळ्या कुंड्यांत लावलं आणि सांगितलेलं काम नीट झाल्याचं कोरडं समाधान मानलं.

छोट्या खोलीत उलटं चाललं होतं. तुरा सुकून गळून गेला, पण आईझाड टवटवीत होतं. पानं रुंद झाली, त्यांवर मेण फासल्यासारखी चकाकी आली. वाळत होतं ते पिल्लू. आधी टोक करपलं, मग ते एका अंगाला कललं आणि आईच्या पानाला टेकून राहिलं. मधुकरने पिल्लाच्या इवल्या पेल्यात थेंब थेंब पाणी घालून बघितलं. ते तसंच राहायचं. पिल्लू पीत नव्हतं.

मनालीकडे लक्ष गेलं तेही असंच, एका बारीक गोष्टीवरून. ती कॉलेजला नेत असलेली पाण्याची बाटली संध्याकाळी भरलेलीच परत यायची. मधुकरने हटकलं. ती म्हणाली, कॉलेजात कूलर आहे. मग तो जेवताना बघायला लागला. ती पोटभर जेवायची, हसून बोलायची, पण तिच्या ताटाशेजारचा पेला उचललाच जात नव्हता. जेवण संपलं की ती तो मोरीत ओतून टाकायची. पापडासोबत नाही, ठसका लागला तरी नाही.

एकदा त्याने सरळ विचारलं, "मनाली, तू पाणी का पीत नाहीस?"

"अरे बाबा, तहानच लागत नाही मला," ती म्हणाली. मग जरा विचार करून म्हणाली, "सकाळी उठते ना, तेव्हा पोट भरलेलं असतं. गार गार."

तिची तब्येत मात्र उत्तम दिसत होती. रंग उजळला होता, केस दाट झाले होते. सोसायटीतल्या बायका म्हणायच्या, पोरगी आईसारखी दिसायला लागली. मधुकर हो म्हणायचा. त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकायची, पण ती पाल धरायला जेवढा जीव लागतो तेवढाही त्याच्यात उरलेला नव्हता. सकाळी उठून तो ड्रममधून मग भरायचा आणि पेला भरायचा.

५

परीक्षा संपली. त्यानंतरच्या एका रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, मनाली छोट्या खोलीत झोपली होती. सोसायटीत सामसूम होती. दूर कुठे नव्या इमारतीच्या कामावरचा मिक्सर तेवढा घरघरत होता. सकाळी पाणी घातलं होतं की नाही हे मधुकरला आठवेना, म्हणून तो पाण्याचा मग घेऊन आत गेला.

पेला भरलेला होता. म्हणजे सकाळी घातलं होतं. तो मागे वळणार एवढ्यात पाणी हललं.

खिडकी बंद होती, पंखा बंद होता. पाण्याचा पृष्ठभाग मध्ये किंचित खोल गेला आणि पातळी खाली आली. मग थांबली. पुन्हा खोल गेला, पुन्हा खाली, पुन्हा थांबला. तहानलेलं माणूस घोट घेतं, दम खातं आणि पुन्हा घोट घेतं, तसं ते चाललं होतं. पानांच्या काठाला, बरोबर ओठ टेकावेत त्या जागी, एक ओलसर ठसा उमटून विरत होता.

मधुकरला भीती वाटायला हवी होती. ती कुठेतरी लांब, दुसऱ्या कुणाला तरी वाटत असावी अशी त्याला जाणवली. तो शहाण्या माणसासारखा विचार करत राहिला. उष्णता आहे, मिक्सरची थरथर आहे, आपण जेवून उठलो आहोत.

मग घशातून घोट उतरल्याचा आवाज आला. तो झाडातून आला नाही.

त्याने कॉटकडे बघितलं. मनाली उताणी झोपली होती, ओठ मिटलेले होते. पेल्यातलं पाणी खाली गेलं की तिच्या गळ्याची हालचाल व्हायची. पाणी थांबलं की तीही थांबायची. तळ कोरडा झाला तेव्हा तिने झोपेतच ओठांवरून जीभ फिरवली आणि कुशीवर वळली. वळताना तिने डावा हात उशीखाली घातला. मनाली तशी कधीच झोपत नसे. तसं झोपणारं माणूस त्या घरात एकच होतं.

६

त्याने वैशालीताईला फोन लावला. सांगताना त्याचाच आवाज त्याला कार्यालयीन वाटला. मनालीला लवकर घेऊन जा, तब्येत जरा बरी नाही, असं तो म्हणाला. वैशालीताईने खोदून खोदून विचारलं आणि तिच्यापुढे बोलता बोलता झाडाचंही निघालं.

मग तिने विचारलं, "त्या खोलीत? तिच्या उशाशी? तेव्हापासून रोज?"

"झाड आहे ते, ताई," मधुकर म्हणाला.

"पाणी बंद करा," ती म्हणाली. "आजपासून. काही झालं तरी घालू नका. मी पुढच्या रविवारी सकाळच्या एशियाड बसने येते आणि तिला नेते."

मधुकरने पाणी बंद केलं. दोन सकाळी गेल्या आणि मनालीचे ओठ फुटले. तिला तहान लागली, जन्माची लागावी तशी, पण पेला तोंडाला लावला की पाणी ओठांच्या कडेने बाहेर यायचं. उतरत नाही रे बाबा, ती म्हणायची, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून झाडाकडे बघायची. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून बघितलं. घसा स्वच्छ आहे, म्हणाले, परीक्षेचं टेन्शन असेल, आणि सलाइन लावून घरी पाठवलं. मधुकर कापूस भिजवून तिच्या ओठांवरून फिरवत बसायचा. हात आपोआप चालायचे. त्यांना ते काम माहीत होतं.

कोरड्या पेल्याचं आईझाड मग एकाएकी ढासळलं. पानं मऊ पडली, चकाकी गेली, आणि खोलीत ओल्या मातीचा वास येऊ लागला. शनिवारी त्याने जवळ जाऊन बघितलं, तर करपलेल्या पिल्लाच्या गाभ्यात नवीन पोपटी कोंब दिसत होता. त्याच संध्याकाळी मनाली अर्धा पेला पाणी प्यायली. उतरलं. तिला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि ती हसली.

म्हणजे पोरगी सुटत होती. वैशालीताईचं बरोबर होतं. आता एवढी एक रात्र काढायची होती.

मधुकरने तिची बॅग भरली आणि दाराशी नेऊन ठेवली. मग हॉलमध्ये बसला. छोट्या खोलीतून मनालीच्या श्वासाचा आवाज येत होता, फक्त तिच्याच. इतके महिने त्या खोलीत आणखी कुणाचा तरी श्वास असायचा आणि आपण त्याच्या सोबतीने जगत होतो, हे त्याला तो आवाज थांबल्यावर कळलं. घर खरोखर रिकामं झालं होतं. स्मिता आज जात होती, दहाव्याला नव्हे.

७

रविवारी सकाळी ऊन खिडकीत आलं. मनाली आंघोळ करून, कपडे घालून पुन्हा जरा पडली होती. अंगात अजून अशक्तपणा होता. मधुकर झाड उचलायला आत गेला. वैशालीताई यायच्या आत ते खाली कचऱ्यात टाकायचं, असं त्याने मनावर दगड ठेवून ठरवलं होतं. कुंडी हलकी लागली. आईझाड एका बाजूला मान टाकून पडलं होतं.

तो उंबऱ्यापर्यंत आला आणि मागून हाक आली.

"अहो."

मनाली त्याला लहानपणापासून अरे-तुरे करायची. या घरात त्याला अहो म्हणणारं एकच माणूस होतं, आणि शेवटच्या आजारात तिचा आवाजही गेला होता. हा आवाज आजाराच्या आधीचा होता. लग्नानंतरच्या वर्षांतला, स्वयंपाकघरातून सहज मारलेल्या हाकेचा.

तो वळला. मनालीचे डोळे मिटलेले होते.

"अहो, दार नका उघडू," ती म्हणाली. "इतक्यात नको."

बाहेर रिक्षा थांबली. जिन्यात चपला वाजल्या, मग बेल वाजली. मधुकर कुंडी छातीशी धरून हॉलच्या मध्यावर उभा राहिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, इतकं की समोरचं दिसेना. इतक्या महिन्यांनी त्याला काहीतरी वाटत होतं. ते दुःख नव्हतं, भीतीही नव्हती. त्याला बरं वाटत होतं. त्या बरं वाटण्याची त्याला जरासुद्धा लाज वाटली नाही.

बेल पुन्हा वाजली. "मधुकरराव, मी आलेय," वैशालीताई बाहेरून म्हणाली. "मनाली? उघडा ना."

छोट्या खोलीतून कॉट करकरली. कुणीतरी उठायचा प्रयत्न करत होतं आणि त्या कुणाला तरी उठता येत नव्हतं.

"बाबा," मनालीचा आवाज आला, बारीक, घाबरलेला, तिचा स्वतःचा. "बाबा, मावशी आली ना? दार उघड ना रे. बाबा, मला जायचंय."

मधुकर श्वास रोखून ऐकत राहिला. पण तो त्या आवाजासाठी थांबला नव्हता. दुसरा आवाज पुन्हा येईल म्हणून थांबला होता. वैशालीताई आता दारावर थापा मारत होती. त्याने कुंडी हळूच खाली ठेवली, दारापाशी गेला आणि आवाज होणार नाही अशा बेताने आतली वरची कडीही सरकवली. मग पाणी आणायला गॅलरीत गेला.